उतारा

दादाच्या हातात चहाचा कप दिला की बशी वाजते. टकटकटक. आम्हाला त्या आवाजाची एवढी सवय झालीय की कुणी पाहुणे आले आणि त्यांची नजर बशीवर गेली की मगच लक्षात येतं, अरे हो, वाजतेय. आणि पाहुण्यांच्या तोंडावर जे येतं ना ते मी कितीतरी वर्षं बघतेय, बारीकसं ‘समजलं’ असं काहीतरी, म्हणजे काय तर बेवडा आहे, सकाळची मिळालेली नाही.

गंमत अशी की एके काळी ते बरोबर होतं. आता नाही. आता तो हात लिथियममुळं थरथरतो, रोज रात्री ३०० च्या ३ गोळ्या, ९०० मिलिग्रॅम. आणि मधली काही वर्षं अशी होती की हात नक्की कशानं हलतोय हे आम्हाला काय, त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच वर्षांबद्दल लिहायचंय. दादाला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही, फक्त दुकानाचं नाव घालू नको, गिऱ्हाईक पळंल.

तर दादाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, कराडच्या बाजूला. शहरातल्या लोकांसाठी सांगते, शेतातली पाण्याची मोटार जळली की ती उघडून आतली जळकी तांब्याची तार काढायची, मोजून नवीन वेढे भरायचे, वॉर्निश मारायचं, वाळवायचं. वेढे चुकले की मोटार परत जळणार, त्यामुळं हे काम डोकं शांत असलेल्या माणसाचं. फेब्रुवारी ते मे सीझन. ऊस तहानलेला असतो, लाइट कमी दाबानं येते, मोटारी पटापट जळतात आणि शेतकरी दारात येऊन बसतो की आज रात्रीची लाइट आहे, आजच पाहिजे. सीझनला दादा तीन तीन रात्री झोपायचा नाही. आम्हाला कौतुक. आई तर लोकांना सांगायची, माझं पोरगं लई कष्टाळू. तो बोलायचा पण भराभरा, एका वाक्यातून दुसऱ्यात उडी, एका वर्षी त्यानं उधारीवर ८० किलो तार आणून टाकली कारण त्याला स्वतःच्या नावाची मोटार काढायची होती, कंपनी, सगळं कागदावर तयार, लोगोसकट. मग पाऊस पडला की शटर अर्धं खाली आणि आत दादा खाटेवर भिंतीकडं तोंड करून.

पिणं दोन्हीकडं होतंच. सीझनला दमतो म्हणून घेतो आणि पावसाळ्यात धंदा नाही म्हणून घेतो. दोन्हीला कारण तयार होतं, त्यामुळं तिसरं कारण शोधायला कुणी गेलंच नाही. दारू समोर दिसत होती ना. बाटली दिसली की माणूस पुढचं बघायचं थांबतो, मी पण थांबले होते, बँकेतली नोकरी, पुण्यात राहणं, फोनवर वहिनीचं ऐकून घ्यायचं आणि ‘त्यानं मनावर घेतलं पाहिजे गं’ एवढं म्हणून फोन ठेवायचा. हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते आठवलं की आजही लाज वाटते.

आमच्याकडं ‘उतारा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आईचा, अमावस्येला लिंबू नारळ भाकरी अंगावरनं उतरवून तिकाटण्यावर ठेवून यायचं आणि मागं वळून बघायचं नाही. दुसरा दादाचा, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या नाइंटी, रात्रीची उतरताना हातपाय कापतात ते थांबवायला. एकाच घरात सकाळी हा उतारा आणि संध्याकाळी तो. दोघांचं म्हणणं एकच होतं की याशिवाय बरं वाटणार नाही.

२०१४ मध्ये चुलत्यांनी एक दिवस ठरवलं की आता बास. त्याला मागच्या खोलीत कोंडला, बाहेरनं कडी. तीन दिवस कळ काढ, सुटते की नाही बघू. पहिल्या दिवशी घाम आणि ओकाऱ्या, दुसऱ्या रात्री ओरडायला लागला, तिसऱ्या दिवशी त्याला वॉर्निशच्या डब्यातनं मुंग्यांची रांग निघून अंगावर येताना दिसत होती. खोलीत वॉर्निशचा डबा नव्हताच. आई म्हणाली करणी. हॉस्पिटलात नेईपर्यंत त्याला एक फिट येऊन गेली होती. तिथं कळलं की याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तोडली की होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, आणि हे कोंडून ठेवणं वगैरे चुकूनही करायचं नसतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं देऊन उतरवायचं असतं, शिवाय बी वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन. मला हे सगळं नंतर नीट समजलं ते दादानंच समजावल्यावर, त्याच्या भाषेत. तो म्हणाला, बघ, लाइट कायम कमी दाबानं येतीय म्हणून तू बूस्टर लावून ठेवलास. आणि मध्यरात्री अचानक फुल दाब आला. मग? जळणारच की. दारू म्हणजे तो कमी दाब, आणि मेंदू रोजच्या रोज बूस्टर वाढवत बसतो. मी आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या आर्टिकलांपेक्षा हे बरं आहे.

त्यानंतर माळ. आमच्या भागात हा एक रस्ता आहेच, तुळशीची माळ घातली की दारू मटण बंद, आणि खरंच कित्येकांची सुटते, मी नाकारत नाही. दादानं २०१६ च्या माघात माळ घातली. यावेळी आधी औषधानं उतरवली होती. आणि सुटली की. चार महिने थेंब नाही, आई रोज देवापुढं साखर ठेवायची. सीझन आला, दादा रात्री जागायला लागला, पण आता पिऊन नाही तर हरिपाठ म्हणत. पाऊस आला. दरवर्षी पाऊस आला की तो खाली बसायचा, त्या वर्षी बसलाच नाही. आषाढीला माउलींच्या पालखीत लोणंदपासून चालायला गेला. दिंडीतले लोक सांगायचे की हा झोपतच नाही, रात्रभर भजन, दिवसा चालणं, सगळ्यांचे पाय चेपतो, डोळे असे चमकतात, याला पांडुरंग भेटला. मग त्यानं पैसे वाटले. मग मोबाइल दिला कुणाला तरी, घड्याळ दिलं. बरडच्या मुक्कामात रात्री उठला आणि एकटाच पुढं निघून गेला, त्याचं म्हणणं पालखीच्या आधी पोचून विठ्ठलाला तयार राहायला सांगायचंय. दुसऱ्या दिवशी नातेपुत्याजवळ सापडला, अनवाणी, पाय फुटलेले, आणि कमालीचा आनंदात. दिंडीतल्या माणसांनी त्याला खूप जपून आणला, हे आवर्जून सांगते.

आणि हे सगळं एक थेंबही न पिता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे दारू प्यायला की असा वागतो हे आम्ही दहा वर्षं म्हणत होतो ते काय होतं मग?

पुढचं दीड वर्ष आम्ही दोन दारांच्या मधे उभे. ऑगस्टात तो कोसळला, माळ काढून ठेवली, परत चालू. एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं तर त्यांनी हकीकत ऐकली आणि म्हणाले हा मानसिकचा पेशंट आहे, आमच्याकडं ती सोय नाही, आधी ते बरं करून आणा. मानसोपचारवाल्यांकडं नेलं तर तोंडाला वास, ते म्हणाले आधी दारू सोडवून आणा, पित्या माणसाचं निदान कसं करणार. दोघांचंही एका परीनं चूक नाही, हे आता समजतं. पण आम्ही एसटीच्या बाकावर बसून हसलो होतो मी आणि वहिनी, रडायचं सोडून हसलो, की आधी काय सोडवायचं ते तरी ठरवा बाबांनो.

तिसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी किती पिता, कधीपासून पिता हे सगळं विचारलं नंतर. पहिला प्रश्न वेगळा होता. म्हणाल्या, न पिता जास्तीत जास्त किती दिवस राहिलात, आणि त्या दिवसांत कसे होता? दादा गप्प. मग वहिनीनं पिशवीतनं कालनिर्णय काढलं. दोन वर्षांची दोन. वहिनी त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहिते, सिलिंडर कधी लावला ते लिहिते, आणि ज्या रात्री हे झोपायला आले नाहीत त्या तारखेला एक बारीक फुली. कुणी सांगितलं नव्हतं तिला, तिला वाटायचं कधीतरी भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडेल. डॉक्टरांनी ती दोन्ही कॅलेंडरं टेबलावर शेजारी शेजारी पसरली. दुधाचे खाडे आणि फुल्या. फेब्रुवारी ते मे फुल्याच फुल्या, दोन्ही वर्षं. आणि माळ घातलेल्या वर्षी, पिणं शून्य असतानाही, फुल्या तशाच, उलट जुलैपर्यंत गेलेल्या. बाई म्हणाल्या हेच तर बघायचं होतं. दारू किंवा नशा बंद होऊन महिना झाला आणि तरीही लक्षणं राहिली, तर ती नशेची नाहीत, आजार स्वतंत्र आहे असं साधारण धरतात. यांचे तर चार महिने कोरडे आहेत.

बायपोलर. म्हणजे दोन टोकं, एक उधाणाचं आणि एक ओहोटीचं. दादा ३८ वर्षांचा होता. पहिल्या फुल्या बहुतेक विशीत पडायला हव्या होत्या, तेव्हा घरात वहिनी नव्हती आणि कॅलेंडरवर फक्त एकादश्या होत्या.

मग मी वाचत सुटले. माणूस असाच असतो, उशीर झाला की अभ्यास करतो. अमेरिकेत १९९० साली वीसेक हजार लोकांची पाहणी छापून आली होती, तिच्यात बायपोलर असलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन लागलेलं होतं. आणि उलट बाजूनं, ज्यांना ड्रग्जचं व्यसन आहे त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना कुठला तरी मानसिक आजार. म्हणजे आम्ही जगावेगळे वगैरे काही नव्हतो, चक्क बहुसंख्य होतो. आपल्याकडं बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभराची मानसिक आरोग्याची पाहणी केली तिच्यात दारूच्या आजाराचे जे लोक सापडले त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांना काहीच उपचार मिळत नव्हते. बाकीच्या १४ टक्क्यांत दोन दारांमधे उभे असलेले किती ते कोण मोजणार.

आधी कोंबडी की अंडं हा प्रश्न मला आता फारसा पडत नाही पण लोकांना पडतो, म्हणून माझ्या डोक्यात जे बसलंय ते सांगते. कधी आजार आधी असतो आणि माणूस त्याच्यावर स्वतःच औषध शोधतो, झोप येत नाही म्हणून पेग, लोकांत घाबरायला होतं म्हणून पेग. १९८५ मध्ये खांत्झियन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ही गोष्ट नीट मांडली आणि तेव्हापासून ती फार लाडकी झालीय, घरच्यांना तर विशेष, कारण तिच्यात आपलं माणूस बिचारं ठरतं. पण मला ती अर्धीच पटते. दादा दुःखात प्यायचा हे खरं, पण उधाणात असताना तो त्याहून जास्त प्यायचा, अख्ख्या दुकानाला पाजायचा. तेव्हा त्याला कसलं दुःख होतं? तेव्हा ब्रेकच नव्हता, बास. आणि दारूनं येणारी झोपसुद्धा फसवी, लागते पटकन पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, आणि झोप मोडली की बायपोलरवाल्याचं उधाण चढायला तेवढं कारण पुरतं. म्हणजे झोपेसाठी घेतलेली दारू झोप खाते, आणि गेलेली झोप परत दारूकडं नेते.

कधी नशा आधी असते. वॉर्डात दादाच्या शेजारच्या खाटेवर एक कॉलेजचा मुलगा होता, विशीतला. गांजा, रोज, दोन वर्षं. त्याला वाटायचं सीलिंग फॅनमध्ये माइक आहे. त्याची आई मला जिन्यात भेटायची आणि एकच म्हणायची, अहो गांजा तर साधू लोक पण ओढतात, शंकराचा प्रसाद, त्यानं काय होतंय. सगळ्यांना होत नाही हेच तर अवघड आहे. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५ हजारांवर तरुण पोरांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, ज्यांनी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता त्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट. तरी त्या ओढणाऱ्यांतले बहुतेक जण ठीकच राहिले. ज्याच्या मेंदूत आधीच कुठं तरी वायर उघडी आहे त्यालाच झटका बसतो, आणि वायर कुणाची उघडी आहे हे आधी कळत नाही, घराण्यात कुणाला होतं का एवढं एकच विचारता येतं. आमच्याकडं विचारलं असतं तर निघालं असतं. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ ‘डोक्यावर परिणाम होऊन’ निघून गेले होते एवढंच घरात म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज खाली करतात. ते प्यायचे पण. त्यामुळं तिथंही बाटलीवरच गोष्ट संपवलेली.

त्या मुलाचं शेवटी काय झालं मला माहीत नाही. हल्ली पुण्यात आमच्या गल्लीतली पोरं एमडी एमडी (म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग) करत असतात तेव्हा तो आठवतो, ते तर गांजापेक्षा कितीतरी पटीनं वाईट, पण त्याच्यावर मी काय बोलणार, माझा अनुभव देशी दारूचा आणि गावाकडचा.

एक गोष्ट मला वाचताना फार भारी वाटली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेल्या एक लाखातून, तेव्हा गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, शहरातली पोरं खाल्ली होती. ते सगळ्यांना माहितीय. पण ते सुरू कुठं झालं तर येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. म्हणजे ४० वर्षांपूर्वी आपल्याकडं ही दोन दारं एकाच कंपाउंडमध्ये होती. आणि आम्ही दीड वर्ष एका दारातून दुसऱ्या दारात एसटीनं जात होतो.

असो. गोळ्या चालू झाल्या. लिथियम हे बायपोलरचं जुनं औषध, मूळचं एक क्षारच, १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडनं उधाणावर वापरून बघितलं. दादाला हे फार आवडलं, की आपलं औषध म्हणजे एक धातू आहे, बॅटरीतलाच, धंद्यातला माणूस आहे. पण ते औषध नखरेल आहे, रक्तातलं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहिलं पाहिजे, साधारण ०.६ ते १, कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, शिवाय थायरॉइड आणि किडनीची तपासणी. दारू तर बंदच, पण पाणी आणि मीठ मात्र अचानक कमी करायचं नाही. जोडीला दारूची ओढ कमी करणारी गोळी आणि आठवड्याला दारू सोडणाऱ्यांची मीटिंग.

आता जे सांगते ते मला खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं. मे २०१९. भर सीझन, पत्र्याचं दुकान, घामाच्या धारा. दादाचे गुडघे दुखत होते, दिवसभर उकिडवं बसून काम, त्यानं मेडिकलमधनं दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या, त्याच सगळे घेतात त्या, आणि चारपाच दिवस खाल्ल्या. एका संध्याकाळी घरी आला तो झोकांड्या खात. जीभ जड, शब्द चिकटलेले. हात नेहमीसारखा बारीक थरथरत नव्हता, चांगला उडत होता. दारातच ओकला. वहिनीनं त्याच्याकडं एकदा बघितलं, तिचं दीड वर्षाचं सगळं पाणी झालं, आणि तिनं दार लावून घेतलं. तो बाहेरनं म्हणत होता, न्हाय गं घेतली, देवाच्यान न्हाय घेतली. हे वाक्य तिनं लग्नापासून शंभर वेळा ऐकलेलं. आई म्हणाली, पडू दे अंगणात, उतरंल सकाळपर्यंत.

पडू दे म्हणणाऱ्या आईला मी दोष देत नाही. मला फोन आला तेव्हा मी पण तेच म्हटलं असतं. फक्त दादाचा पोरगा, तेव्हा बारा वर्षांचा, पाणी द्यायला बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, आई, पप्पांच्या तोंडाला वास नाही.

एवढंच. वास नाही.

रिक्षात घालून नेलं, लिथियमची लेव्हल २.१ निघाली. दुखण्याच्या त्या गोळ्यांनी किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते, वर घामानं अंगातलं पाणी मीठ गेलेलं, त्यामुळं ते रक्तात साठत गेलं. विषबाधा. झोकांड्या, जड जीभ, ओकारी, उडणारे हात, म्हणजे बघणाऱ्याला हुबेहूब पिलेला माणूस. रात्रभर अंगणात राहिला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सलाइन लावून पाच दिवसांत उतरली. वहिनी त्या पाच दिवसांत त्याच्या खाटेवरनं हलली नाही, आणि घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं तर दाराची आतली कडीच काढून टाकली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन, स्वतः. अजून त्या दाराला आतनं कडी नाही, रात्री पाटा लावून ठेवतात.

आता कुणाला वाटेल की मग सगळं छान झालं. नाही. दारू सोडलेले ओळखीतले एक गृहस्थ त्याला म्हणाले की गोळ्या पण एक नशाच रे, खरा मर्द काहीच घेत नाही. त्यांचा हेतू चांगला होता, ते स्वतः नुसत्या मनाच्या जोरावर सुटलेले. दादानं २०२२ च्या सुरुवातीला गोळ्या बंद केल्या, दोन महिन्यांत फुल्या चालू, तिसऱ्या महिन्यात बाटली. म्हणजे बघा, दारू आधी आलीच नाही, आधी झोप गेली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना ज्यांनी सुरू केली त्यातल्या बिल विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरात शेवटचा घोट घेतला आणि त्यानंतर कित्येक वर्षं, पूर्ण कोरडे असताना, डिप्रेशन भोगलं. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, म्हंजे एवढ्या मोठ्या माणसाला पण.

परत ॲडमिट, १८ दिवस. बिलाचा क्लेम टाकला तर विमा कंपनीनं परत पाठवला. कारण बघा. मानसिक आजाराचा विमा द्यायलाच पाहिजे असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, आणि त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळं होणाऱ्या मानसिक अवस्थासुद्धा धरल्यात. पण पॉलिसीत छापील कलम असतं की दारू, ड्रग्ज आणि त्यांचे परिणाम यांचा खर्च मिळणार नाही. दादाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी होत्या, पहिली बायपोलर, दुसरी दारू. त्यांनी दुसरी वाचली. मी बँकेत आहे, छापील कलमं मला नवीन नाहीत, तीन पत्रं लिहिली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं की ॲडमिट उधाणासाठी केलं होतं, शेवटी अर्ध्याहून थोडे कमी पैसे मिळाले. कागदावरसुद्धा तीच गत, बाटली दिसली की पुढचं वाचायचं नाही.

ओहोटीच्या दिवसांबद्दल मी मुद्दाम फार लिहीत नाहीये. ते त्याचे आहेत. एवढंच की त्या काळात वहिनीनं विहिरीच्या मोटारीची कामं दुसऱ्याला द्यायला लावली होती, आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तिनं कालनिर्णयवरच लिहून ठेवलाय, सिलिंडरच्या नंबराखाली. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिनं दोनदा लावलाय, एकदा दादासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

गेल्या मार्चमध्ये गेले होते तेव्हाचं सांगते आणि थांबते. सीझन चालू, दारात सातआठ मोटारी, पण रात्री आठला शटर खाली म्हणजे खाली, हा वहिनीचा नियम, फुल्या नकोत म्हणून. आठला पाच मिनिटं असताना एक म्हातारे शेतकरी टेंपोतनं मोटार घेऊन आले. म्हणाले, आजच पायजे, रात्री बाराला लाइट येती, ऊस वाळाय लागलाय. दादा म्हणाला, उद्या दुपारी. ते म्हणाले, आरं पूर्वी तू रातभर बसून द्यायचास की. दादा म्हणाला, पूर्वीचं न्हाय आता. आणि शटर ओढून कुलूप लावायला वाकला तर हात नेहमीसारखा हलत होता, किल्ली कुलपाच्या भोकात जाईना, टकटकटक. म्हातारबांनी बघितलं. त्यांच्या तोंडावर तेच आलं, ‘समजलं’.

जरा जवळ सरकून हळूच म्हणाले, घेतलीयस व्हय?

दादा किल्ली बसवत म्हणाला, रोज घेतो की. नऊशे.

म्हातारबा दोन मिनिटं त्याच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, बाई, दिवसाला नऊशेची? आरं लेका, मोटार भरायचं किती घेतोस मग माझ्याकडनं?